दिवेघाटातलं अ‍ॅव्हरेज

दुधाच्या टँकरवर मी अकरा वर्षं ड्रायव्हर होतो. त्यातली शेवटची दोन वर्षं आमच्या मालकांना अ‍ॅव्हरेजचं खूळ लागलं होतं. मालक लासुर्ण्याचे, सहा टँकरांचे धनी, सगळे त्यांना आबा म्हणायचे. एका लिटरात गाडी किती किलोमीटर जाते, यापलीकडे त्या माणसाला जगात काही दिसेनासं झालं होतं. ऑफिसात त्यांनी फळा टांगला आणि त्यावर सहा ड्रायव्हरांची क्रमवारी लिहायला सुरुवात केली. दसऱ्याला जो पहिला असेल त्याला नवा टँकर मिळणार, एसी केबिन आणि पाठीला हिसके न देणारी सीट असलेला. जुन्या गाडीनं माझ्या कमरेचं वाटोळं केलं होतं. डॉक्टरांनी गाडी सोडा म्हणून सांगितलं होतं, आणि दुसरं काही मला येत नव्हतं. मला तो टँकर हवाच होता.

आमच्या लोकांची अक्कल सांगण्यासारखी आहे. साठच्या वर गाडी जाऊ नये म्हणून सरकारनं टँकरना स्पीड गव्हर्नर लावायला लावला. आमच्याकडे तो आरटीओच्या पासिंगपुरता जोडलेला असायचा. सकाळी वायर जोडायची, गाडी पास करून आणायची आणि परतीच्या वाटेवर पहिल्याच चहाच्या टपरीमागे ती काढून टाकायची. हे करताना एकालाही कधी ओशाळलेलं पाहिलं नाही. मग सोलापूर हायवेला नव्वदनं गाडी पिटाळायची, डिझेलचा धूर करायचा आणि पुढे जरा उतार दिसला की न्यूट्रल मारून तेच डिझेल वाचवायचं. बादलीनं सांडून चमच्यानं भरायचा प्रकार होता. वर त्याला हे लोक ड्रायव्हरी म्हणायचे.

एकदा गाडीच्या कंपनीकडून एक प्रशिक्षक आला. सरळ, शांत माणूस. त्यानं फळ्यावर इंजिन काढून समजावलं की तुमच्या गाड्यांत गिअर ठेवून पाय उचलला की डिझेल आपोआप बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं आणि उताराला सगळा लोड ब्रेकवर येतो. साठच्या आसपास एकसारखी चालवा, अ‍ॅव्हरेज आपोआप वाढेल, असं तो म्हणाला. ट्रकच्या मायलेजचे नवे सरकारी नियमही तो सांगत होता, पण आमचं लक्ष समोशांकडे होतं. शेवटी आमच्यातला एक उठला.

"सायेब, इंजिन चालू अन् डिझेल बंद? मग गाडी काय पान्यावर पळती व्हय?"

सगळे खिदळले. आबा सगळ्यात मोठ्यानं हसले. मीही हसलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या मूर्खांत मी अव्वल होतो. मोरगाव, जेजुरी, सासवड या रस्त्यावर असा एक उतार नव्हता जिथे मी न्यूट्रल मारला नाही. पण पहिलं यायच्या हट्टापायी मी आणखी एक केलं होतं. गव्हर्नरची वायर जोडून ठेवली आणि साठच्या वर काटा जाऊ दिला नाही. माझा आकडा त्यानंच चढत होता, हे कळायला मला फार वेळ लागला. तेव्हा मात्र सगळं श्रेय मी न्यूट्रलला देत होतो आणि चारचौघांत मिरवत होतो.

आबांनी ते ऐकलं आणि दसऱ्याच्या आधी एका दुपारी ते माझ्या शेजारी येऊन बसले. माझी युक्ती बघून त्यांना बाकीच्यांना शिकवायची होती. टँकर दुधानं भरलेला. सासवड सोडलं, दिवेघाटाचा उतार लागला आणि मी ऐटीत न्यूट्रल मारला.

"बघा आबा, आता थेंब जळत न्हाय."

"वा रं वाघा," आबा म्हणाले.

दुसऱ्या वळणावर ब्रेकच्या लायनरचा जळका वास आला. तिसऱ्यावर पाय पूर्ण दाबला तरी गाडी धरेना. मी गिअर टाकायला गेलो तर तो खरखरून बाहेर फेकला गेला. डाव्या हाताला दरी होती. मी घाबरून पुन्हा गिअर रेटला, तोही बसेना. आबा दार धरून ओरडत होते.

"गिअरात घाल! आरं गिअरात घाल! मला मारतो काय रं?"

रेस देऊन तिसऱ्या खेपेला गिअर पडला. इंजिन किंचाळलं, गाडी हळू झाली आणि मी ती कशीबशी डोंगराच्या कडेला लावली. चाकांतून धूर येत होता. आबा उतरले, दगडावर बसून घटाघटा पाणी प्यायले आणि फोन करून स्वतःची कार बोलावली. चाकं गार होईपर्यंत मी एकटाच तिथं थांबलो. उरलेला घाट मी दुसऱ्या गिअरात उतरलो.

दसऱ्याला नवा टँकर हार घालून उभा होता. पहिला मीच आलो होतो. बाकीच्या पाचही ड्रायव्हरांसमोर आबांनी नारळ फोडला, पूजेच्या ताटातली किल्ली माझ्या हातात ठेवली आणि भाषण ठोकलं.

"ह्याच्याकडनं शिका. उताराला डिझेल जाळायचंच न्हाय."

माझा कानांवर विश्वास बसेना. मी त्यांना बाजूला घेतलं.

"आबा, घाटात काय झालं ते तुमी सोता बघितलं की."

"बघितलं ना. पर फळ्यावर तूच वर हाय." आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "चालू ठेव. फकस्त मी गाडीत असताना करू नगं."

मी किल्ली पूजेच्या ताटात परत ठेवली.

"मी तर रोजच गाडीत असतो, आबा."