पिशव्या सरांच्या होत्या

“ही आमची मोलकरीण. अडाणी आहे. पिशव्या हिनेच भरल्या.”

सर, म्हणजे आमच्या कारखान्याचे मालक, हे इंग्रजीत म्हणाले. मला कळणार नाही असं त्यांना वाटलं. मी बारावी पास आहे. इंग्रजी फाडफाड बोलता येत नाही, पण आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते बरोबर कळतं.

ही केनिया आणि टांझानियाची सरहद्द. नमांगा नावाचं गाव. एकच मोठी इमारत, तिच्यात एका खिडकीवर केनिया सोडायचा आणि पुढच्या खिडकीवर टांझानियात शिरायचं. व्हिसा लागतो. पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड लागतं. आणि कॅरीबॅग चालत नाही. प्लॅस्टिकची कॅरीबॅग घेऊन त्या देशात शिरायलाच बंदी आहे. आमचा ड्रायव्हर जोसेफ, नैरोबीचाच माणूस, त्याने गाडीत दोनदा सांगितलं होतं. सर हसले होते. “कोण बघतंय?”

बघितलं. युनिफॉर्ममधल्या बाईने मोठी बॅग उघडली. आत उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारातल्या पातळ रंगीत कॅरीबॅगा. पिशवीत पिशवी, वर गाठ. बेसनाचे लाडू, दशम्या, चकल्या, मेतकूट. सरांच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, बदलापूरच्या घरी बसून बांधलेलं. सरांनी स्वतः बॅगेत रचलेलं. मी तेव्हा हॉलच्या दाराशी चपला घालून उभी होते.

ती बाई माझ्यावर ओरडली. सरांवर नाही, माझ्यावर. तिला जे सांगितलं गेलं ते तिने ऐकलं. रांगेतली माणसं माना वळवून बघायला लागली. बाईने हाताने खूण केली, सगळं बाहेर काढ. मी फरशीवर गुडघे टेकले आणि एकेक गाठ सोडायला लागले.

आता त्या बॅगेची गंमत सांगते. बदलापूरपासून ती माझ्याच खांद्यावर होती. उचलायची मी, पण उघडायची नाही. काकूंनी निघतानाच सांगितलं होतं, “बॅग तू घे हो, पण आत हात घालू नकोस.” माझा घास त्या वरून सोडायच्या, पेपर नॅपकिनवर. विमानात, नैरोबीच्या हॉटेलात, गाडीत. माझ्या खांद्याचा विटाळ नव्हता. हाताचा होता.

पिशव्या जमा झाल्या. खाणं ठेवायला काहीच नव्हतं. फरशी घाण. मी ओढणी काढली, पसरली, आणि लाडू, दशम्या तिच्यात ठेवल्या. माझी धुतलेली ओढणी. मी चांगुलपणा करत होते.

काकू म्हणाल्या, “अरे, तिच्या ओढणीत घातलंय तिने सगळं. आता कोण खाणार ते? टाकून दे म्हणावं.”

सर म्हणाले, “आई, इथे नको.”

इथे नको. असं बोलू नको, हे नाही म्हणाले. मग माझ्याकडे बघून कचऱ्याच्या डब्याकडे मान हलवली. मी ओढणी उचलली, डब्यापाशी गेले आणि रिकामी केली. लाडू खाली पडल्याचा आवाज अजून कानात आहे.

मी मोलकरीण नाही. आधीच सांगते, मोलकरीण ही शिवी नाही. आम्ही बुवापाड्यात राहतो, अंबरनाथला. माझ्या आईने लोकांची भांडी घासून मला वाढवलं. तिच्या हाताला काय म्हणायचं ते मला कुणी शिकवू नये. पण मी जीन्स शिवते. कॅम्प तीनमध्ये सरांच्या कारखान्यात नवीन नमुन्याची पहिली पँट माझ्या मशीनवर तयार होते. ती बघून बाकीच्या बायका शिवतात. टांझानियात अरुशा शहरात सरांनी भागीदारीत कारखाना काढला. तिथल्या मुलींना शिकवायला सहा महिने मी जायचं ठरलं. सगळ्या कारखान्यासमोर सर म्हणाले, “आपली मुलगी मास्टर म्हणून परदेशात चाललीये.” टाळ्या वाजल्या. घरी आले तर आईने गल्लीभर सांगून ठेवलेलं.

लस घ्यायला मुंबईला गेलो तेव्हाही सर बोलले. सर बोलतात छान. “एकदा सुई टोचली की आपण सगळे सारखे, बरं का.” तिघांची पिवळी कार्डं खरंच सारखी होती. बाकी काही सारखं नव्हतं. माझा पासपोर्ट त्यांनी माझ्या हातात दिलाच नाही. “हरवशील. मी सांभाळतो.” कारखान्यात ही पद्धतच आहे, कामगारांची आधारकार्डंसुद्धा त्यांच्या कपाटात. कुणाला वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

जाताना काकूंनाही घेतलं, त्यांना सिंह बघायचे होते. निघताना दारातच त्यांनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या “अच्छा” म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला. तेव्हापासून मी मास्टर नव्हते. बॅग उचल. पाय चेप. बाथरूमच्या बाहेर उभी राहा. मी केलं सगळं. म्हातारी बाई आहे, म्हणून केलं. सहा महिन्यांसाठी गिळलं.

तर रिकामी ओढणी गळ्यात घालून मी टांझानियाच्या खिडकीसमोर उभी राहिले. बेसन लागलेलं होतं तिला. सर माझ्या एक पाऊल पुढे. तिघांचे पासपोर्ट त्यांनीच आत सरकवले. काचेमागचा अधिकारी तरुण होता. त्याने माझा फोटो बघितला, मला बघितलं.

“व्हॉट इज युअर वर्क?”

सर लगेच म्हणाले, “मेड. माय मदर्स मेड. टुरिस्ट व्हिसा.”

अधिकारी म्हणाला, “आय ॲम आस्किंग हर.”

जन्मात पहिल्यांदा कुणा अधिकाऱ्याने मलाच विचारलं होतं. सर मागे न वळता दातातल्या दातात म्हणाले, “तोंड उघडू नको. येस म्हण फक्त.”

येस म्हटलं असतं तर अरुशा होतं. मशीन होती. मुलींना शिकवणं होतं. आईला पाठवायचे पैसे होते. मला सगळं माहीत होतं. आणि हेही माहीत होतं की एकदा येस म्हटलं की सहा महिने मी तेच असणार, जे हा माणूस म्हणेल ते.

“नो,” मी म्हणाले. “नॉट मेड. आय स्टिच जीन्स. आय कम फॉर वर्क. टीच गर्ल्स.”

सर हसले. “शी इज मॅड, सर. इल्लिटरेट.”

“प्लॅस्टिक बॅग, हिज,” मी म्हणाले. “नॉट माय. हिज.”

माझा आवाज फाटला होता. मी रडत होते, पण शरमेने नाही. राग आला की मला रडू येतं, लहानपणापासून.

अधिकाऱ्याने सावकाश समजावलं. फिरायच्या व्हिसावर काम करता येत नाही. कामाला वेगळा परवाना लागतो, तो काढलेला नाही. मला आत सोडता येणार नाही. परत केनियात. त्याने माझ्यावर मेहेरबानी केली नाही, कायदा सांगितला. सरांना बाजूला घेऊन बराच वेळ विचारलं आणि मग सोडलं. त्यांचा व्हिसा धंद्याचा होता, काकूंचा फिरायचा. ती दोघं आत गेली. काकू जाताना म्हणाल्या, “सवय नसते ना या लोकांना, डोक्यात जातं.” सर म्हणाले, “बघतो तुला. कॅम्प तीनमध्ये कुठेच मशीनवर बसू देणार नाही.”

अधिकाऱ्याने पासपोर्ट खिडकीतून पुढे केला. सरांच्या हातात नाही, माझ्या. तो पहिल्यांदाच माझ्या हातात आला.

जोसेफ आम्हाला सरहद्दीपर्यंतच सोडणार होता, तो अजून बाहेर होता. त्याने मला नैरोबीला परत नेलं, व्हिसासाठी दाखवायला परतीचं तिकीट काढलेलं होतंच, त्या विमानाच्या दिवसापर्यंत बहिणीच्या घरी ठेवलं. तिने मला त्यांच्यातच बसवून जेवायला वाढलं. दुसऱ्यांदा मी माझ्या हाताने वाढून घेतलं.

घरी आले तर आईने तोंडात मारली. “मोलकरीण म्हटलं तर काय अंगाला भोकं पडली तुझ्या? मी नाय का ऐकलं एवढी वर्षं? सहा महिने गप बसायचं होतं!” मारून झाल्यावर ती दाराकडे तोंड करून बसली, पाठ हलत होती. तिने ऐकलं म्हणून मी पण ऐकायचं, हे मी तिच्याकडूनही ऐकणार नाही. तिला तसं अजून सांगितलेलं नाही. सांगेन.

सरांनी शब्द पाळला. तीन कारखान्यांत विचारलं, तिन्हीकडे नकार. आता मोरिवलीत एका शेडमध्ये पुड्यांना लेबलं लावते. मशीनला हात लागत नाही. बोटं शिवशिवतात.

परवा कळलं, सर आता वनिताला नेणार आहेत. माझ्या शेजारच्या मशीनवरची वनिता. पासपोर्ट काढून झाला, कपाटात गेलासुद्धा. मी संध्याकाळी कारखाना सुटायच्या वेळेला गेले. शेअर रिक्षा लागतात तिथे, दारासमोर उभी राहिले. बायका बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं, मोठ्याने. बॅग, नॅपकिन, ओढणी, खिडकी. सर वरच्या पायरीवर आले.

“काय तमाशा लावलाय? चल निघ.”

“पिशव्या कोणाच्या होत्या, सर?” मी विचारलं.

“अरे इसको हटाओ कोई.”

“पिशव्या कोणाच्या होत्या?”

वनिता मान खाली घालून रिक्षात बसली. रिक्षा सुटताना म्हणाली, “तुझं ठीक ए गं, माझी पोरं आहेत.” मला वाईट वाटलं. राग नाही आला.

पासपोर्ट माझ्याकडे आहे. पिवळं कार्ड पण. कामाचा परवाना कसा निघतो ते मी विचारत फिरते आहे, आणि निघेपर्यंत फिरणार. त्या खिडकीवर मी परत उभी राहणार, माझ्यापुढे कुणीही नसताना. तोवर रोज संध्याकाळी या दारासमोर. हटवलं तर रस्त्याच्या पलीकडे. वनिता ऐको न ऐको. मी तेच विचारणार, आणि सर उत्तर देईपर्यंत विचारणार.