नामदेवभाऊंचा खिशातला कॅमेरा

नामदेवभाऊंचा शिंपी त्यांचा सदरा डाव्या खांद्याला बोटभर खाली उतरता शिवायचा. सरळ शिवला की कॉलर मानेवर चढायची. तीस वर्षं एकाच खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग वागवून हा माणूस तिकडेच कलला होता. देऊळगाव राजात आमची घरं भिंतीला भिंत लागून. लग्नसराईत भाऊ लोकांचे फोटो काढायचे आणि हंगाम सरला की स्वतःच्या हौसेचे. त्या हौसेत मी, शाळेतला मास्तर, फुकटचा हमाल. ट्रायपॉड कायम माझ्या गळ्यात.

"मास्तर, वजन नसन त फोटोत दम कुठून येईन?" हे त्यांचं पालुपद. दम जायचा माझा, फोटो यायचा त्यांचा!

लोणारच्या सरोवरावर भाऊंचा फार जीव. दर हिवाळ्यात आम्ही पायऱ्या उतरून खाली जायचो; भाऊ पुढे, मागे रेंगाळणाऱ्या मला ओरडत. पाणी, पडकी देवळं, झाडीतले मोर, कितीही काढले तरी त्यांचं पोट भरत नसे. मग एका वर्षी त्यांचा डावा हात वरच जाईना. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, खांद्यावरचं ओझं बंद करा, नाहीतर हात कायमचा गमवाल. भाऊंनी लग्नाची कामं सोडली आणि दुकानात पासपोर्ट फोटो काढत बसले. दोन हिवाळे लोणार नाही. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस असा गप्प झालेला मला बघवेना.

"छोटा कॅमेरा घ्या की," मी एकदा म्हटलं. केवढे भडकले! "या वयात खेळणं घेऊ का? रिकाम्या खांद्यानं गेलो त लोक मले पाहुणा समजतीन, फोटोग्राफर कोण म्हणन?"

शेवटी त्यांच्या बायकोनं, शांतावहिनींनी, त्यांना दामटून माझ्यासोबत जालन्याच्या बसमध्ये बसवलं. दुकानात भाऊंनी अर्धा दिवस घेतला. नुसता पडदा असलेले कॅमेरे त्यांनी हातही न लावता बाजूला सारले. "उन्हात त्या पडद्यावर काय दिसते, माहं तोंड? डोळा लावाले खिडकी पाह्यजे." एकाची बटणं त्यांच्या अंगठ्याखाली दोन-दोन दबायची, तोही गेला. एक मात्र आवडला. तो सदऱ्याच्या खिशात घालायचा, झटकन काढायचा, समोरच्या रसवंतीची पाटी टिपायची, मोठी करून बघायची. असं पंधरा वेळा. दुकानदार बिचारा चहा पाजून थकला. "बरा हाये," भाऊ म्हणाले. त्यांच्या तोंडून हे ऐकलं आणि मी पटकन बिल करायला सांगितलं.

त्या हिवाळ्यात आम्ही लोणारला निघालो, वहिनीही सोबत. पाहतो तर भाऊंच्या खांद्यावर तीच जुनी बॅग, टम्म फुगलेली! मी कपाळावर हात मारला. पायऱ्या अर्ध्या उतरल्यावर ते खांदा चोळत खाली बसले. वहिनींचा पारा चढला. त्यांनी बॅग ओढून घेतली, चेन उघडली, आणि आतून निघाली घडी घातलेली चादर. दुसरं काहीच नाही.

"अवं माय! माह्या चादरीले लोणार दाखवाले आणलं का तुमी?"

"बॅग नसली त लोक..." भाऊ ओशाळून पुटपुटले.

वहिनींना असं हसू फुटलं की डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला, डोळ्यांतून पाणी आलं. मोठा कॅमेरा समोर आला की ही बाई ओठ मिटून, हात मांडीवर ठेवून बसायची. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने काढलेला तिचा प्रत्येक फोटो जणू आधार कार्डाचा. भाऊंचा हात केव्हा खिशात गेला, कळलंच नाही.

"फोटो काढून राह्यले का? थांबा, पदर घेऊ द्या!"

"काढला."

भाऊ कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून तो फोटो किती तरी वेळ बघत राहिले. मग मला जवळ बोलावून दाखवला. "मास्तर, हे अशी हासते, मले मालूम होतं. फोटोत पह्यल्यांदा आली."

रिकामी बॅग तिथेच घडी होऊन चादरीसोबत वहिनींच्या पिशवीत गेली. परतताना चढणीवर मला धाप लागली, गुडघे धरून उभा राहिलो. भाऊ वीस पायऱ्या वर पोचले होते.

"चाला ना मास्तर! काऊन थांबले? तिकडं मोर निघून जाईन!"

दोन हिवाळे हुकल्यानंतर त्यांची ती ओरड ऐकली. असं हायसं वाटलं की मी तिथंच पायरीवर बसकण मारली आणि त्यांना आणखी दोनदा ओरडू दिलं.