भट्टीत गोठलेलं लोखंड

काल नातवाच्या गाडीतून जाताना कारखान्यांच्या बाजूनं दगडी कोळशाचा वास आला आणि मी मनानं शाहूपुरीतल्या आमच्या लोखंडाच्या छोट्या ओतशाळेत जाऊन पोचले.

पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. चांगला कोळसा महिनोन्महिने मिळत नव्हता. गुऱ्हाळं तोंडावर आली होती, म्हणून यांनी उसाच्या चरकाचं काम हलक्या कोळशावरच करायला घेतलं. मी जेवणाचा डबा घेऊन गेले, तेव्हा आच कमी पडून अर्धवट वितळलेल्या लोखंडाचा भट्टीच्या पोटातच दगड झाला होता. हे त्यावर घणाचे घाव घालत होते. तळहात फुटून रक्त येत होतं.

"मालक, ऱ्हाऊ द्या. न्हाय निघायचं त्ये," साचे करणारे दत्तोबा म्हणाले आणि त्यांनी घण काढून घेतला.

हे तिथंच काळ्या वाळूत बसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू म्हायेरी जातीस का थोडं दिस?"

मला संताप आला. मी नकोशी झाले की काय, असं वाटलं.

"मी कुठं जायची न्हाय," मी म्हणाले.

ती भट्टी पुन्हा पेटली नाही. हे जन्मभर दुसऱ्याच्या कारखान्यात राबले. आता कळतं, सगळं बुडत असताना हे माहेरी धाडून फक्त मला वाचवू बघत होते.