यादीतून गाळलेला अर्ज
शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला कॉलेजच्या ऑफिसातली माझी खिडकी आठवते. कुठला अर्ज कुठे, हे मलाच पाठ असायचं, म्हणून रांग माझ्यापुढेच लागायची. मग सगळे अर्ज मोबाईलवर आणायला सारंगखेड्याची एक तरुणी रुजू झाली. "सर, तुम्हले बठ्ठं पाठ शे, यादी करी द्या ना," ती अहिराणीत म्हणाली. माझी रांग आता ही नेणार, या विचाराने मी जळत होतो. मी यादी दिली, पण ऊसतोडीला जाऊन वर्ष बुडालेल्या मुलांचा पुन्हा प्रवेशाचा अर्ज मुद्दाम गाळला. पोर्टल सुरू झालं, प्राचार्यांनी सर्वांसमोर तिचं कौतुक केलं. आठवड्याभरात धडगावची एक विद्यार्थिनी जीपने घाट उतरून धापा टाकत आली. "मोबाईलवर सगळं आहे, पुन्हा प्रवेशाचाच अर्ज नाही. आज शेवटची तारीख आहे, सर!" ते ऐकून ती तरुणी धावत आली आणि "चूक माझीच गं, माफ कर," म्हणाली. मी कागदी अर्ज काढून दिला. आजही मला तिचा हेवा वाटतो. न केलेल्या चुकीची माफी तिने क्षणात मागितली. केलेल्या चुकीची मला अजून मागता आलेली नाही.