दोब्रीच्या प्रवाळाचा तुकडा

१४ मार्च २०१९, रूसे शहर : मेले ते प्रवाळाचे सात तुकडे, चार मासे. तीस वर्षे रुग्णालयाच्या फरश्या पुसलेल्या झ्लातिनने घरी तळाला वाळू न घालता खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी मांडली. तळाच्या उघड्या काचेवर खडकांवरून पडलेली कणभर घाणही दिसे; म्हणून त्याने टाकीतले खडक नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने घासले. खडकांवर राहून पाणी शुद्ध राखणारे जिवाणू त्यातच मेले, आठवड्यात बाकी सगळे. त्याने कोणाला सांगितले नाही.

तुकडे मित्र दोब्रीने दिलेले. या छंदात रीत अशी, की देणाऱ्याचे प्रवाळ मेले तर घेणाऱ्याने एक तुकडा परत द्यावा. जूनमध्ये वीज जाऊन दोब्रीच्या टाकीतले सगळे मेले. आपला तुकडा न्यायला तो बरणी घेऊन आला आणि रिकाम्या टाकीतले पांढरे खडक पाहून म्हणाला,

"खडक धुतलेस? दवाखाना आहे का हा?"

"घाण दिसत होती रे."

"आता बघ, किती स्वच्छ."

ते प्रवाळ आता दोघांकडेही नाही. एक तुकडा देणे राहिले आहे.