बी बॉयलर रूमचं आतलं दार

नौदलातलं माझं पहिलं पोस्टिंग एका क्रूझरवर झालं. हुद्दा स्टोकर, म्हणजे बॉयलरवरचा खलाशी, सेकंड क्लास. इंग्रजांनी बांधलेली, त्यांनी महायुद्धात पुरेपूर वापरलेली आणि मग आपण विकत घेतलेली ती लाइट क्रूझर होती. आम्ही पोरं तिला म्हातारी म्हणायचो. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. प्रश्न तिचा नाही, चार घरांचा आहे, आणि त्यातल्या एका घराची मुलगी मला नुकतीच भेटली.

सध्या माझा मुक्काम सिंगापुरात, बुकित बातोकला मुलाच्या फ्लॅटवर. मुलगा आयटीत, सून बँकेत. मी पहाटे उठतो, दाढी करतो, अंथरुणाच्या घड्या घालतो. सून म्हणते, "बाबा, रविवारी तरी झोपा ना." रविवारचा आणि झोपेचा काय संबंध, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

यंदा गणपतीत इथल्या मराठी मंडळींनी मला बोलायला उभं केलं. जागा एका कॉन्डोची फंक्शन रूम. विषय त्यांनीच ठरवला होता: 'एका ब्रिटिश क्रूझरची युद्धगाथा'. गाथाबिथा काही नाही, सर्व्हिस हिस्टरी सांगतो, असं मी सुरुवातीलाच बजावलं. सिव्हिलियन लोकांना युद्ध म्हटलं की तुतारी ऐकू येते. आम्हाला बॉयलरच्या ब्लोअरचा आवाज ऐकू येतो.

मी सांगितलं ते थोडक्यात असं. म्हातारीच्या चार टरेट, म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, त्यांत सहा इंची तोफा. महायुद्धात तिने उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात मालवाहू जहाजांच्या ताफ्यांना संरक्षण दिलं. तिथे डेकवर साचलेला बर्फ खलाशी कुऱ्हाडीने तोडायचे, नाहीतर वजनाने जहाज कलंडलं असतं. पुढे भूमध्य समुद्रात तिच्या पुढच्या अंगाला टॉर्पेडो लागला. माणसं गेली, जहाज तरलं. दुरुस्त होऊन ती पूर्वेला आली. जपानने हत्यारं टाकल्यावर ती याच सिंगापूरला लागली होती. कैदेतून सुटलेल्या सैनिकांना तिच्यावर चढवताना चार जणांची गरज पडत नव्हती, एकटा खलाशी एकेकाला उचलून आणायचा, इतकी ती माणसं हलकी झाली होती. हे आम्हाला जुन्या चीफ स्टोकरने सांगितलं होतं आणि त्याला एका इंग्रज चीफने.

इथे माझी नात पहिल्या रांगेतून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, सो लाँग लाह." सभा हसली. म्हातारी आपल्याकडे आली तिथे मी आटोपतं घेतलं. पुढचं मला बोलायचं नव्हतं.

मग प्रश्न. एका इंजिनिअरने विचारलं, "काका, ॲव्हरेज किती द्यायची?" मी म्हटलं, "तुमच्या बायकोला परवडली नसती." मोदकांच्या ताटल्या फिरायला लागल्या होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईने विचारलं, "बी बॉयलर रूममध्ये काय झालं होतं?"

हा शब्द बाहेरच्या माणसाला ठाऊक असण्याचं कारण नाही. मी म्हटलं, "नंतर बोलू." कार्यक्रम संपल्यावर ती जवळ आली. पन्नाशी उलटलेली, केस आखूड, खांद्याला ऑफिसची बॅग.

"मी सुजाता. माहेरची कांबळे," ती म्हणाली. "लीडिंग स्टोकर रामदास कांबळे माझे वडील."

मी जवळची खुर्ची ओढून बसलो.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही चोआ चू कांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, भेटलो. ती तिथेच जवळ राहते. इथल्या एका कारखान्यात मटेरियल इंजिनिअर आहे. धातू कुठे तडकला आणि का तडकला, हे शोधायचं तिचं काम. तिने दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणल्या आणि मुद्द्यावर आली. मला तिचं ते आवडलं.

"मी दोन वर्षांची होते. घरी कळवलं ते इतकंच, की ड्युटीवर बी बॉयलर रूममध्ये अपघात झाला आणि बाबांनी हुकूम पाळला नव्हता. आजी मरेपर्यंत म्हणत राहिली, त्याला ऐकूच आलं नसेल. मशिनांचा आवाज काय थोडा असतो? आई अजून तेच म्हणते. खेडला असते. तेवढ्या एका वाक्यावर तिने सगळं आयुष्य काढलं, काका." तिने कप बाजूला ठेवला. "मला एकच विचारायचंय. बाबांना ऑर्डर ऐकू आली होती का?"

"सगळं सांगतो," मी म्हटलं. "मग त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

म्हातारीच्या बॉयलर रूम जुन्या पद्धतीच्या होत्या. मोठमोठे ब्लोअर बाहेरची हवा आत कोंबायचे. त्या दाबामुळेच भट्ट्यांमधली आग आतल्या आत राहायची. म्हणून आत जायला साधं दार चालत नसे. दोन दारांच्या मधे एक अरुंद खोली असायची, तिला एअरलॉक म्हणायचे. बाहेरचं दार उघडा, आत या, ते बंद करा, मगच आतलं उघडा. दोन्ही एकदम उघडली की दाब निसटणार आणि भट्टीतली आग माणसांवर येणार.

नव्या पोरांना हा नियम कांबळेच शिकवायचा. बाहेरचं दार न लावता पुढे सरकलं की मागून टपली बसायची. म्हणायचा, "एका वेळी एकच दार. आत सख्खा भाऊ असला तरी." उंचीने बेताचा, बोलायला तिखट. घरून सुकट आली की मेसमध्ये सगळ्यांना वाटायचा आणि नावं ठेवणाऱ्यांना पुन्हा द्यायचा नाही. मला त्याने मशीन शिकवलं. मी त्याला फार मानायचो.

एकाहत्तरच्या युद्धात आम्ही ताफ्याबरोबर उत्तरेकडे निघालो होतो. पूर्ण वेग, सगळे बॉयलर पेटलेले. त्या रेट्याची म्हातारीला सवय राहिली नव्हती. दुपारच्या वॉचमध्ये, म्हणजे पाळीत, बी बॉयलर रूममधल्या मुख्य स्टीम पाइपचा जोड सुटला. त्या दाबाची वाफ सुटते तिथे डोळ्यांना दिसत नाही. फक्त किंचाळी ऐकू येते, पाइपची. आतले दोघे पहिल्या फटक्यात एअरलॉकमधून बाहेर निसटले. दोघे आत राहिले, पेटी ऑफिसर मोहिंदर सिंग आणि स्टोकर थॉमस. ते आतल्या दारापर्यंत पोचले, पण तापून दार चौकटीत घट्ट बसलं होतं. ते आतून ठोकायला लागले.

आमची डॅमेज कंट्रोल पार्टी तिघांची होती. पुढे कांबळे. पाण्याच्या होजचं नोझल धरून गोविंद नाईक, माझ्याच बॅचचा, वेंगुर्ल्याचा. मागे पॅसेजमध्ये मी, कंट्रोल रूमचा टेलिफोन कानाला लावून. दोघे एअरलॉकमध्ये शिरले. होज बाहेरच्या दाराच्या उंबऱ्यावरून आत गेला होता, त्यामुळे ते दार लागणं शक्यच नव्हतं.

मी कळवलं, "कंट्रोल, बी बॉयलर. टू मेन इनसाइड. इनर डोअर जॅम्ड."

"बी बॉयलर, कंट्रोल. शटिंग ऑइल. डू नॉट ओपन इनर डोअर. ॲकनॉलेज."

"ॲकनॉलेज्ड."

तेल बंद झालं की आग विझणार, मग दार उघडायला धोका नव्हता. तेलाचा व्हॉल्व्ह वरच्या डेकवर होता, जुना आणि जड. दोन माणसं चाक फिरवत होती. मी ओरडून सांगितलं, "कांबळे, थांबा. कंट्रोलचा हुकूम आहे. तेल बंद होईपर्यंत उघडायचं नाही."

तो वळला. माझ्यात आणि त्याच्यात हातभर अंतर होतं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं.

"ऐकलं," तो म्हणाला.

आतले ठोके आधी जोरात होते, मग विरळ झाले. नाईकने कांबळेकडे बघितलं. कांबळेने पहार उचलली आणि दाराच्या फटीत घातली.

मी पुन्हा ओरडलो. दार सुटलं. आतली हवा आमच्यावरून बाहेर धावली आणि तिच्यामागून भट्टीतली आग आली. मी पॅसेजमध्ये मागे फेकला गेलो. हात भाजले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फोन कानालाच होता.

"बी बॉयलर, कंट्रोल. ऑइल शट. यू मे ओपन."

मी काही उत्तर दिलं नाही. नौदलात उत्तर न देण्याची माझी ती एकच वेळ.

लढाईत जहाज थांबत नाही. उरलेल्या बॉयलरवर आम्ही ताफ्यात राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वेग थोडा कमी केला आणि चौघांना कॅनव्हासमध्ये शिवून समुद्रात सोडलं. चीफ स्टोकर मान खाली घालून उभा होता. प्रार्थना कुठल्या धर्माची म्हणायची हे ठरेना, तेव्हा कॅप्टनने नुसती नावं वाचली.

चौकशीच्या बोर्डाने मला एकच प्रश्न महत्त्वाचा विचारला. त्याला ऐकू आलं होतं का? मी म्हटलं, "येस सर. ही हर्ड." दुसरं काय सांगणार होतो? बोर्डाने तसं लिहिलं आणि प्रकरण मिटलं. पुढे म्हातारी मोडीत निघाली.

इतकं सांगून मी थांबलो. हॉकर सेंटरमध्ये गर्दी वाढली होती. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब जागेसाठी टिश्यूची पुडकी ठेवून निघून गेलं. सुजाताने ती पुडकी जरा सरळ केली. का, ते तिलाही कळलं नसावं.

"आवाज तर खूप असेल ना," ती म्हणाली.

"खूप होता."

"मग?"

मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे. समोर एक मुलगी आयुष्यभराचं एक वाक्य घेऊन बसली होती आणि ते खरं करून द्यायला मला एक 'कदाचित' पुरे होतं. तो शब्द जिभेवर आला होता, हे कबूल करतो. पण ती धातूचे तडे बघणारी बाई होती आणि विचारायला आली होती. तिला 'कदाचित' देऊन परत पाठवलं असतं तर तिची फसवणूक झाली असती.

"ऐकू आलं होतं," मी म्हटलं. "त्यांनी मला तसं सांगितलं. ऐकलं, म्हणाले."

ती कामातले प्रश्न विचारावेत तसे विचारायला लागली.

"थांबले असते तर आतले दोघे वाचले असते?"

"नाही. त्या वाफेत तोवर कुणी वाचत नाही. ठोके विरळ झाले म्हणजे संपलंच होतं."

"बाबा वाचले असते?"

"हो."

"होज धरणारे?"

"नाईक. तोही वाचला असता."

"म्हणजे उघडून कुणाचाच काही फायदा झाला नाही."

"नाही."

तिला काहीतरी द्यावं म्हणून मी म्हटलं, "आतून ठोकत होते, सुजाताताई. ते ऐकून उभं राहणं सोपं नसतं. मी मागे होतो, माझ्या कानाला फोन होता. त्यांचा कान दाराला होता." हे खरं होतं. पण त्याने काही भरून येत नव्हतं, आणि ते तिलाही दिसत होतं.

"नाईकांच्या घरी कोण होतं?" तिने विचारलं.

"आई. एकटीच. पुढे मी एकदा वेंगुर्ल्याला गेलो होतो. तिने मला पेज वाढली. विचारलं काहीच नाही. बोर्डाचं सगळं तिला आधीच कळलेलं होतं."

"म्हणजे त्या बाईला पहिल्यापासून ठाऊक होतं, तिचा मुलगा कुणामुळे गेला ते. आणि आम्ही इकडे आजीचं वाक्य घोकत होतो."

मी मान हलवली. तिने बॅगेतून रुमाल काढला, डोळे नाही, कप ठेवलेली जागा पुसली.

"आईला काय सांगणार?" मी विचारलं.

"आवाज फार होता म्हणून सांगेन. ऐकूच आलं नसेल म्हणून." ती उठली. "तुम्ही मात्र हे लिहा, काका. आई मराठी वाचायची, आता दिसत नाही तिला. त्यामुळे लिहायला हरकत नाही."

"लिहितो."

"आणि चौघांची नावं लिहाल ना, तेव्हा नाईकांचं बाबांच्या आधी लिहा."

मी म्हटलं, "नौदलात नावं हुद्द्याने लिहितात. लीडिंग स्टोकर आधी, स्टोकर मागून."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तरी लिहा."

ती एमआरटी स्टेशनच्या दिशेने गेली. मी बसून राहिलो. शत्रूच्या गोळीने न मेलेल्यांची नावं कुठल्याही भिंतीवर कोरत नाहीत, त्यामुळे आमचे चौघे कुठेच नाहीत. आयुष्यभर मी हुद्द्याच्या क्रमाने उभा राहिलो, जेवलो, सलाम केले. इथे तो क्रम मोडतो आहे.

पेटी ऑफिसर मोहिंदर सिंग. स्टोकर थॉमस. स्टोकर गोविंद नाईक. लीडिंग स्टोकर रामदास कांबळे.