घाण्याचा बैल

पुण्याच्या वसतिगृहाच्या दारात आमचे शेजारी राघोकाका उभे होते. भिसेगाव सोडून एवढ्या लांब ते कधी आलेले नव्हते. मी पाया पडायला वाकलो, तेवढ्यात म्हणाले, “चल रं घरी. घाण्याचा बैल बसला.” मला क्षणभर समजलंच नाही... मग समजलं. माझा थोरला भाऊ, धोंडूदादा, हिवतापानं गेला होता. काकांच्या मनात वाईट नव्हतं. गावाला त्याचं दुसरं नाव आता आठवतच नसे.

हे नाव बाबांनी दिलेलं. दादा खालापूरच्या कचेरीत शिपाई होता. रोज सायकलनं जाता-येता त्याचा वेग एका साहेबाच्या नजरेत भरला आणि साहेबानं त्याला मुंबईच्या क्लबात नेलं. तिथं गोल धावपट्टीवर शर्यती होत. तो जिंकत गेला, साऱ्या इलाख्यात पहिला आला. क्लबानं शर्यतीची सायकल बक्षीस दिली. तिला ब्रेक नव्हता. चाक फिरलं की पायडल फिरणारच. पाय सैल सोडायची सोय नाही. दादाला मात्र एकच हवं होतं, बाबांनी एकदा येऊन बघावं.

बाबा आले. मीही होतो. दादा जिंकला, माणसं टोप्या उडवत होती. तो धापा टाकत आमच्यापाशी आला. “बाबा, बगितलं ना तुमी?”

बाबांनी धावपट्टीकडं बोट केलं. “निगालास हितनं, आलास हितंच. मंग गेलास कुटं? घाण्याचा बैल बी येवडंच चालतो.”

गावी परतल्यावर त्यांनी ही गोष्ट इतकी रंगवून सांगितली, की दादा दिसला की पोरं बैल हाकल्यासारखी जीभ वाजवू लागली.

पुढं महायुद्धाच्या टंचाईत नवे टायर मिळेनात. भर शर्यतीत ठिगळाचा टायर फुटला आणि दादाचं कंबरेचं हाड मोडलं. लंगडत घरी आला, तोवर कचेरीनं दुसरा शिपाई ठेवला होता. त्या सुगीत मळणीला बाबांनी बैलांचा कासरा त्याच्या हातात दिला. “हाक. गोल फिरायची सवय हाय तुला.” खळ्यावरची माणसं हसली. दादाही हसला... ते हसणं मला लिहिता येत नाही. खांबाभोवती बैलांमागं तो लंगडत फिरत राहिला. मी म्हटलं, “दादा, बस की जरा.”

तो हळूच म्हणाला, “बाबा बगतायत रं.”

तेरावं झाल्यावर बाबांनी गोठ्यात टांगलेली दादाची शर्यतीची सायकल खाली काढली. “गुरांना जागा नाय,” म्हणत ढकलत बाहेर आणली. चाकाबरोबर पायडल फिरलं आणि त्यांच्या नडगीवर बसलं. पुन्हा फिरलं, पुन्हा बसलं. बाबा वैतागून ओरडले, “थांब ना रं, मेल्या!”

अंगणात कुणी हसलं नाही. बाबा हँडल धरून तसेच उभे राहिले... पाऊल टाकलं असतं, तर पायडल पुन्हा फिरलं असतं.